एकाच डब्यातल्या पट्ट्या, दोन जखमा

घर एकच आणि रुग्ण दोन. आजी, वय ७६, खुब्याचं हाड मोडलं म्हणून जळगावला ऑपरेशन होऊन घरी आलेली. आणि तिचा मुलगा आप्पा, वय ५२, बारा वर्षांपासून शुगर, गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या. चोपडा तालुक्यातलं गाव, केळी आणि कापूस, जुनं धाब्याचं घर आणि पुढे नवी पत्र्याची खोली. घरात ज्या हाका मारतात त्याच इथे ठेवल्या आहेत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी घरी जाऊन ड्रेसिंग करणारी नर्स. आजीसाठी मला बोलावलं होतं, आप्पांसाठी नाही.

आजीची पाठ

आजी घरी आली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा गेले. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठवडा झाला होता. अंगणातल्या निंबाला झोका तसाच बांधलेला होता आणि सुरतेला दिलेली लेक अजून माहेरीच होती. आजीच्या माकडहाडावर, कमरेच्या फटीच्या जरा वर, ३ सेंमी लांब आणि २ सेंमी रुंद जखम होती. उथळ, तळ गुलाबी-लाल, थोडी ओली. पिवळा थर नाही, काळी खपली नाही, भोवतीची लाली पसरत नव्हती. बेडसोअरच्या, म्हणजे पडून राहून दाबाने होणाऱ्या जखमेच्या, चार पायऱ्या धरतात, त्यातली ही दुसरी. म्हणजे वरची कातडी गेलेली, पण आतली चरबी दिसत नाही.

जखमेवर हळद आणि खोबरेल होतं. हे वहिनींनी केलं होतं, त्यांना त्यांच्या आतेसासूबाईंनी सांगितलं होतं. मी रागावले नाही, कारण अशा वेळी रागावलं की पुढच्या वेळी लोक लावतात तेच, फक्त सांगत नाहीत.

सुरतेची ताई एक डबा घेऊन आली होती. आपल्या खान्देशातली कितीतरी घरं सुरतेला आहेत, त्यामुळे तिकडचं औषध इकडे यायला एक रात्र पुरते. डब्यात १० बाय १० सेंमीचे पाच चौकोन, हायड्रोकोलॉइड नावाच्या चिकट पट्टीचे. तिच्या शेजारी कोणाच्या तरी सासऱ्यांना त्याने गुण आला होता. तिची कॉलेजातली मुलगी लगेच म्हणाली, “अगं आई, माझे पिंपलचे पॅच याचेच असतात.” खरं होतं. मुली गालावर लावतात ते पारदर्शक ठिपकेही बहुतेक याच पदार्थाचे असतात. पण त्यामुळे घरात असा समज पसरला की ही तोंडाला लावायची, निरुपद्रवी वस्तू आहे. या समजाचं पुढे काय झालं ते येईलच.

“सिस्टर, हे चालंल का?” असं विचारलं गेलं. या जखमेला चालणार होतं, म्हणून मी हो म्हणाले.

पट्टी दिसायला साधी असते. बाहेरून पाणी आत जाऊ न देणारा पातळ पॉलियुरेथेनचा पापुद्रा. त्याच्या आत चिकट गोंदासारख्या थरात कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, जिलेटिन आणि पेक्टिन मिसळलेलं. जखमेतून पाझरणारं पाणी हा थर शोषतो आणि फुगून त्याची लापशी होते. जखम ओलसर राहते, खपली धरत नाही, नव्या कातडीला सरकायला वाट मिळते. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर दाखवलं की झाकून ओल्या ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने चढते. आपल्याकडे मात्र अजूनही पहिलं वाक्य हेच, “जरा हवा लागू द्या.” मीही नोकरीला लागले तेव्हा हेच सांगायची.

सलाईनने जखम धुतली. स्पिरिट नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड नाही, मलम नाही. सगळ्यात जास्त वेळ गेला तो भोवतीच्या कातडीवरचं खोबरेल काढण्यात, कारण तेलावर ही पट्टी अजिबात धरत नाही. मग कोरडं केलं. पट्टी जखमेच्या कडेपासून सगळीकडे निदान २-३ सेंमी पुढे जायला हवी. चौकोन सरळ न लावता एक कोपरा खाली फटीकडे येईल असा, पतंगासारखा लावला. मधून दाबत बाहेर गेले आणि तळहात मिनिटभर वर ठेवला, कारण हाताच्या उबेने ती नीट चिकटते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला, पट्टी गोळा होऊन चादरीला चिकटली.

मे महिना

डब्यावरच्या सूचनांत हे कुठे नसतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ला जातो. आजीची खाट पत्र्याच्या खोलीत होती, कारण तिथे कूलर होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना भेटता यायचं. डबा त्याच खोलीत फळीवर, पत्र्याच्या हातभर खाली. त्या उन्हात गोंद मऊ पडून पाकिटातच कडेने ओघळला होता. आणि खाली आजीची घामाने भिजलेली पाठ.

आजीची खाट मागच्या धाब्याच्या खोलीत हलवली. जाड मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं, दुपारीसुद्धा तिथे बसवतं. डबा तिथल्याच कोनाड्यात ठेवला. सुरतेच्या ताईला तो फ्रिजमध्ये ठेवायचा होता. मी नको म्हटलं, कारण गार पट्टी कडक होते आणि लावताना वाकत नाही. ड्रेसिंग पहाटे, अंग पुसल्यावर, घाम सुटायच्या आत करायचं ठरलं. चारही कडांना कागदी चिकटपट्टीची चौकट मारली. शौचाला झालं की घाण पट्टीकडे जाणार नाही असं पुसायचं, हे वहिनींना करून दाखवलं. दुसरी पट्टी पाच दिवस जागची हलली नाही.

पण कोणी मला विचारलं की आजी पट्टीने बरी झाली का, तर मी अर्धंच हो म्हणेन. दाब तसाच राहिला असता तर सोन्याची पट्टी लावूनही जखम खोल गेली असती. दर दोन तासांनी कूस बदलायची. सपाट एका अंगावर नाही, पाठीमागे गोधडीची गुंडाळी देऊन साधारण ३० अंश कललेलं. आप्पांनी हौसेने रबरी कडं आणून ठेवलं होतं बसायला, ते काढायला लावलं. त्या कड्याच्या काठावर दाब येतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा उलट तुंबतो. आजीला वर सरकवताना काखेत हात घालून ओढत होते, ते थांबवून दोघांनी चादरीसकट उचलायला शिकवलं. ओढण्याने कातडी जागेवर राहते आणि आतलं हाड सरकतं, तिथेच मांस फाटतं. आणि खाणं. आजी नुसती मऊ खिचडी खायची. तिला अंडं चालत होतं, हे घरात कोणी विचारलंच नव्हतं.

रात्री कूस बदलायला गेलं की आजी करवादायची, “माले निजू द्या ना रे!” वहिनी तरी उठायच्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण केस पेपरवर वहिनींचं नाव कुठेच येत नाही.

पहिल्यांदा उघडली तेव्हा

सातव्या दिवशी, दुसरी पट्टी उघडताना सगळे खाटेभोवती होते. पट्टी सरळ वर उपटायची नाही. एक कोपरा सोडवून कातडीला समांतर ताणत न्यायची, म्हणजे चिकटपणा आपोआप सुटतो आणि म्हाताऱ्या माणसाची कागदासारखी कातडी निघत नाही. खाली पिवळट-तपकिरी, दाट, वास येणारा लगदा. ताईच्या तोंडून निघालं, “पू झाला!” वहिनी एकदम गप्प.

तो पू नव्हता. पट्टीतलं जिलेटिन आणि पेक्टिन जखमेच्या पाण्यात विरघळून असंच दिसतं, आणि वासही येतो. मी सलाईनने धुतलं. लगदा गेला, त्याबरोबर वासही गेला, खाली तांबूस स्वच्छ तळ. जखम मोजली तर ३.२ बाय २.२, म्हणजे आधीपेक्षा किंचित मोठी. तेही सांगितलं. कडेचे मेलेले पापुद्रे सुटतात म्हणून सुरुवातीला जखम वाढल्यासारखी वाटते. नवी पट्टी लावली आणि घरच्यांना धीर यावा म्हणून ठासून बोलले, “हे पिवळं दिसणारच, वास येणारच. आता सात दिवस कोणी हात लावायचा नाही.”

दारात आप्पा उभे होते. शेतातून आलेले, हातात टोपी. त्यांनी ऐकलं.

चौदाव्या दिवशी २ बाय १.२. एकविसाव्या दिवशी चौथी पट्टी काढली तेव्हा वर पातळ, गुलाबी, कोरडी कातडी होती. डब्यात एक चौकोन उरला.

आप्पांचा तळवा

अठ्ठाविसाव्या दिवशी मी आजीची पाठ पाहायला गेले. पाठ ठीक होती. निघताना वहिनी दाराशी हळूच म्हणाल्या, “सिस्टर, यांच्या चपलेचा फार वास येतो हो. धुतली तरी जात नाही.”

आप्पा पाय दाखवायला तयार नव्हते. “काही दुखस नही ताई, मंग काय दखाडू?”

शुगरच्या माणसाने “दुखत नाही” म्हटलं की मी खाली बसते. उजव्या तळव्याला, अंगठ्यामागच्या उंचवट्यावर, आमचीच पट्टी होती. शेवटच्या चौकोनाचा कोपरा कात्रीने कापलेला. कडेला काळी माती बसलेली, एका बाजूने तपकिरी रस गळत होता. तिथे जुनी भोवरी होती. ती ब्लेडने तासली, जरा रक्त आलं, आणि घरात एवढी चांगली पट्टी असताना कशाला दवाखाना, म्हणून लावली. किती दिवस झाले? नऊ. आणि हे नऊही दिवस ते केळीच्या बागेत, ठिबकच्या नळ्या बघत, चिखलात उभे. चौथ्या दिवशी वास आला तेव्हा वहिनींनी टोकलं होतं. आप्पांनी उत्तर दिलं, “सिस्टर म्हणल्या ना, वास येणारच म्हणून.”

पट्टी काढली. सभोवतालची कातडी पांढरी, सुरकुतलेली, दिवसभर पाण्यात राहिल्यासारखी. भोवरीचा कडक काठ सुटलेला आणि मध्ये एक सेंटिमीटरभर भोक. धुतलं, पुन्हा धुतलं, तरी वास गेला नाही. आजीच्या वेळचा फरक इथेच होता. लाली तळव्यावरून पावलाच्या वरच्या बाजूपर्यंत चढलेली, जखमेच्या कडेपासून दोन सेंटिमीटरच्या खूप पुढे. पाऊल सुजलेलं, आणि हाताच्या पाठीने दोन्ही पावलं चाचपली तर हे स्पष्ट गरम. ताप मात्र नव्हता. शुगरवाल्यांना पायात पू असताना ताप नसणं काही नवल नाही, पण “ताप नाही म्हणजे काही नाही” हे वाक्य मी आजवर किती घरांत ऐकलं असेल. पावलावरची नाडी दोन्हीकडे लागली, तेवढं एक बरं. पायाला स्पर्श कळतो का ते बघायचा, १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा टेकवला तर तळव्यावर एकाही जागी कळला नाही. ग्लुकोमीटरवर शुगर ३१८.

त्याच दुपारी त्यांना तालुक्याच्या ठिकाणी सर्जनकडे पाठवलं. उद्या बागेत माणसं यायची आहेत, परवा जातो, असं चाललं होतं. आजी आतून ओरडली आणि मगच ते मोटारसायकलवर मागे बसले.

सर्जननी भोवरीचा सगळा कठीण भाग कापून काढला. खाली अडीच सेंटिमीटरची पोकळी आणि पू निघाला. संसर्ग हाडापर्यंत गेलाय का ते बघायला पोकळीत घातलेली सळई हाडाला टेकली नाही. एक्स-रेमध्ये हाडात काही नव्हतं, पण सुरुवातीच्या दिवसांत तो साफ दिसू शकतो म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा काढायला सांगितला. तोही साफ आला. दोन आठवडे अँटिबायोटिक, धनुर्वाताचं इंजेक्शन, गोळ्यांसोबत काही काळ इन्सुलिन. ड्रेसिंग साधं गॉजचं, रोज उघडून बघायचं. आणि सगळ्यात अवघड औषध म्हणजे त्या पायावर भार द्यायचा नाही. पोटरीपर्यंत प्लॅस्टर, सुरुवातीला मागून उघडता येईल असं, संसर्ग आटोक्यात आल्यावर बंद. केळीला पाणी पुतण्याने दिलं. जखम भरायला अकरा आठवडे लागले.

पट्टीचा दोष किती

गावात निकाल लगेच लागला: सुरतेच्या पट्टीने पाय नासला. मला तो पटत नाही. जखम ब्लेडने झाली, बधिर पायाने ती कळू दिली नाही, ३००च्या वरच्या शुगरने जंतूंना रान मोकळं केलं आणि रोजच्या चालण्याने ती खोल गेली. पट्टी नसती तरी हे झालं असतं, कदाचित. आणि योग्य, स्वच्छ जखमेवर अशा झाकणाऱ्या ड्रेसिंगमुळे संसर्ग वाढतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, उलट गॉजपेक्षा कमीच दिसला आहे.

पण पट्टीने तीन गोष्टी केल्या. आधीच कठीण कातडीखाली कोंडलेली ओल आणखी कोंडली. कडा सुटून चिखलाचं पाणी आत आलं, तरी वरून “ड्रेसिंग केलंय” असं दिसत राहिलं. आणि नऊ दिवस ती जखम कोणाच्या नजरेला पडू दिली नाही. आजीच्या पाठीवर झाकून ठेवणं हाच फायदा होता. आप्पांच्या पायाला रोज उघडून बघणं हाच उपाय होता. शुगरच्या पायाच्या जखमेवर हायड्रोकोलॉइड साध्या ड्रेसिंगपेक्षा सरस ठरतं का, हे कॉक्रेन या, वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या २०१३च्या आढाव्यात तपासलं गेलं. फरकाचा पुरावा सापडला नाही. म्हणजे महाग पट्टी लावून मिळवायचं काही नाही आणि गमवायला पाय आहे. डॉक्टरांनी पाहून, वारंवार तपासायच्या बोलीवर लावली तर गोष्ट वेगळी.

आणखी कुठे मी ती लावत नाही? पू झालेली, फार पाझरणारी, हाड किंवा शीर दिसणारी, खोल भाजलेली. रक्त पोचत नसलेल्या गार पायावर नाही. टाचेवरच्या कोरड्या, घट्ट काळ्या खपलीवर तर नाहीच, ती न छेडलेली बरी. चिकटपट्टीने अंगावर पुरळ येणाऱ्यांना आणि जिलेटिनची अॅलर्जी असणाऱ्यांनाही नाही. जिलेटिन जनावरापासून येतं. आमच्या भागात माळकरी घरं आहेत, तिथे हे मी आधी सांगते. काहींनी नको म्हटलं, तर दुसरं ड्रेसिंग वापरलं.

माझा दोष मात्र पुरा आहे. “पिवळं दिसणारच, वास येणारच, सात दिवस हात लावायचा नाही” ही तिन्ही वाक्यं एका जखमेपुरती खरी होती आणि मी ती घरभर ऐकू जातील अशी सोडली. “धुतल्यावरही वास राहिला तर” हा अर्धा भाग मी बोललेच नाही. सात दिवस ही कमाल मुदत आहे. आतला लगदा कडेजवळ आला, कड सुटली, गळायला लागलं की त्याच दिवशी काढायची, मग दुसरा दिवस असो नाहीतर सहावा. हे मला माहीत होतं, आजीच्या वेळी मी तसंच वागले होते, पण ते माझ्या हातात राहिलं, तोंडात आलं नाही. शिवाय घरात शुगरचा माणूस आहे हे केस पेपरवर आजीच्या कौटुंबिक इतिहासात मीच लिहिलं होतं. त्याच्या पायाकडे नजर टाकायला दोन मिनिटं लागली असती.

आता मी पाकीट फोडलं की उरलेला तुकडा घरी ठेवत नाही. एकदा फोडलेलं ते निर्जंतुक राहत नाही, आणि महाग वस्तू फेकवत नाही म्हणून लोक ती कुठेतरी लावतातच. “वाया कशाला घालवायचं” हा आपला संस्कार आहे, तो मी दोन शब्दांत मोडू शकत नाही, म्हणून तुकडा पिशवीत घालून घेऊन जाते. पट्टीच्या पाठीवर पेनने तारीख लिहिते, कोपऱ्यात अक्षर, कोणाची ते. डब्यावर मोठ्या अक्षरांत: “फक्त आजीच्या पाठीसाठी.” मोबाइलवर फोटो मागवते, पण लाली वाढली, सूज आली, ठणका किंवा ताप आला तर फोटो नको, फोन करा किंवा सरळ दवाखाना गाठा असं सांगते. आणि घरात शुगर कोणाला, हे विचारून त्याला चप्पल काढायला लावते. काही ठिकाणी हसतात.

आप्पा आता बागेत बंद बूट घालून जातात. उन्हाळ्यात काळी माती तापते आणि बधिर पायाला चटका कळत नाही, त्यामुळे अनवाणी तर अंगणातही नाही. रात्री झोपताना वहिनी हातआरसा तळव्याखाली धरतात. आप्पा दर वेळी म्हणतात, काही नाही. आरशात काय दिसतं ते मला वहिनीच कळवतात.